आपल्या गुलाबाला आपली कात्री नाही

गुलाब छाटायला बसलं की फांद्यांचा ढीग एका बाजूला पडतो आणि किस्स्यांचा दुसऱ्या बाजूला. आमच्या विजापूर रोडच्या कॉलनीत तर दुसराच ढीग मोठा होतो!

आमचा नियम एकच. आपली झाडं आपण छाटायची नाहीत, कारण आपल्या झाडावर हात चालत नाही. पहिल्या वर्षी मी माझी मीच छाटली, म्हणजे नुसते शेंडे खुडले. थंडीत फुलं आली बोराएवढी! तेव्हापासून माझ्या कुंड्यांवर कात्री शेजारच्या जुबेदाभाभींची. कमरेएवढं झाड त्या वितीवर आणायच्या. "भाऊ, बघवत नसलं तर आत जावा की," म्हणायच्या. मी मुकाट्यानं जायचो.

*

छाटणीआधी झाडाला ताण द्यायचा असतो. दसरा झाला की पाणी तोडायचं, बुंध्याची माती उकरून मुळांना चार दिवस ऊन दाखवायचं. समोरच्या गुंडेसरांच्या झाडांची मुळं मात्र रोज सकाळी ओली! सरांनी पाळत ठेवली, तर माढ्याहून आलेल्या त्यांच्या आई तांब्या घेऊन उभ्या. सर चिडले तेव्हा म्हणाल्या, "तुला येक उपास सोसत न्हाय, आन त्येला सोसंल व्हय?"

त्या वर्षी सरांना नुसती पानं मिळाली.

*

छाटणीचे हे दिवस मला फार आवडतात. ऊन मऊ झालेलं असतं, शेणखताचा वास असतो, बागेत कुणी मोठ्यानं बोलत नाही. एकदा गुंडेसर खुर्चीतच झोपले. भाभींनी त्यांची सगळी झाडं उरकली, कापलेल्या टोकांना हळदीचा लेप लावला, तरी सरांना पत्ता नाही. जागे झाल्यावर म्हणाले, "स्वप्नात कुणीतरी माझे केस कापत होतं."

*

यंदा उन्हाळ्यात भाभींचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला. छाटणीला त्या आल्या, पण नुसत्या बसून राहिल्या. गुंडेसर कात्री घेऊन माझ्या कुंड्यांकडे वळले तेव्हा मला वाटलं, आज ही बाई अशीच घरी गेली तर पुन्हा बागेत यायची नाही. भीतीच वाटली. मी सरांकडून कात्री घेतली, भाभींच्या डाव्या हातात दिली आणि माझा सगळ्यात लाडका केशरी गुलाब पुढे ठेवला.

डाव्या हातात कात्री धड बसेना. मग बसली ती थेट कलमाच्या जोडाखाली. खाली उरला नुसता जंगली खुंट, म्हणजे गुलाब संपलाच.

भाभी खुंटाकडे बघत होत्या. "वाटोळं केलं की मी ह्येचं."

"केलंत," मी म्हणालो, आणि दुसरी कुंडी त्यांच्यापुढे सरकवली.