मामा आणि उद्याचा कोळसा

माझ्या बायकोच्या मामांनी जिची काळजी केली नाही अशी एकही वस्तू देवबागपासून बांद्यापर्यंत शिल्लक राहिली नसेल. त्यांचा पेशाच तसा होता. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची हयात गेली. वादळात फुटलेली होडी, जळालेला काजूचा कारखाना, पाणी शिरलेले गोदाम, असे सगळे मोडून पडल्यानंतर मामा तिथे पोचायचे. त्यामुळे आपल्याला होडी दिसली की होडी दिसते, मामांना तिची फळकुटे दिसत. लग्नाला गेले की आधी मांडव कोणी बांधला याची चौकशी करायचे आणि बाहेर पडायच्या वाटेजवळची खुर्ची धरायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांनी मंगलाष्टकांच्या अक्षता वधूवरांवर टाकल्या खऱ्या, पण नजर मात्र आचाऱ्याच्या गॅस सिलिंडरवर होती. मालवणात माझे औषधांचे दुकान आहे. तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कारसुद्धा न करता वर बघून म्हणाले, "बापू, ह्यो फॅन कोणी लावलो?" मी गल्ल्याची खुर्ची हातभर बाजूला घेतली. तो पंखा अजूनही बिनतक्रार फिरतो आहे, आणि मी अजूनही बाजूलाच बसतो.

अशा माणसाचे घर असावे कुठे, तर देवबागला, पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी खाडी अशा वाळूच्या पट्ट्यावर. भरतीला मामा जेवता जेवता उठून बाहेर बघून येत. मी एकदा म्हटले, "मामा, जागा विकून मालवणात या ना." ते दचकलेच. "विकू? आणि घेतलो तेचा काय?" विकत घेणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी करून त्यांनी जागा विकली नाही, आणि जेवणातून उठणेही सोडले नाही.

निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतली थोडी त्यांनी शेअर्समध्ये घातली. आम्हाला वाटले, माणूस सुधारला. पण झाले उलटेच. तोवर त्यांची काळजी जिल्ह्यापुरती होती, ती आता देशभर पसरली. मालवणच्या बाजारातल्या ब्रोकरच्या माडीवर तेजीच्या दिवसांत माणसे मावत नसत. मासळीवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळे पडद्यावरचे हिरवे आकडे बघत बसलेले, आणि मामा कोपऱ्यात छत्री मांडीवर आडवी धरून कंपनीचा वार्षिक अहवाल वाचताहेत. नफ्याचे पान ते उलटून पुढे जात. कारखाना कुठे आहे, समुद्रापासून किती उंच आहे, काय जाळून चालतो, एवढेच शोधत. त्या सुमारास वर्तमानपत्रांत पृथ्वी तापत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. इतरांनी त्या वाचून पान उलटले. मामा तिथेच थांबले.

थांबायला कारणही होते. त्यांच्याकडचे सगळ्यात जास्त वाढलेले शेअर्स एका वीज कंपनीचे होते. कंपनी किनाऱ्यावर कोळशाचे मोठे वीज केंद्र बांधणार होती, आणि माडीवरचा जो तो ते शेअर्स घ्यायला धावत होता. त्याच कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत मामांचा जावई इंजिनिअर होता. घरात त्या कंपनीचे कॅलेंडर देवाच्या फोटोशेजारी टांगलेले असे. मामांना मात्र झोप लागेना. समुद्र वर येईल ही भीती जुनीच होती, ही नवी होती. ते मला म्हणाले, "बापू, केंद्र चाळीस वर्सां चालतला म्हणून कर्ज काढतत. मधीच जगान ठरवल्यान, कोळसो जाळूचो नाय, नायतर तेच्यार कर बसवल्यान, तर तां धडधाकट केंद्र बंद पडतला. आग नाय, वादळ नाय, तरी नुकसान! तेचो विमो कोण देतलो?" आयुष्यभर नुकसान डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला न दिसणारे नुकसान सोसवत नव्हते.

मग त्यांनी ठरवले, कंपनीच्या वार्षिक सभेला जाऊन हे विचारायचे. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुमका काय व्हया तां करा, पण जावयाच्या पोटार पाय देव नकात." तरी मामा कुडाळहून मुंबईच्या गाडीत बसलेच, आणि मामींनी सोबत म्हणून मला धाडले. वाटेत ते प्रश्न शुद्ध मराठीत घोकत होते आणि प्रत्येक स्टेशनावर म्हणत होते, "परत फिरूया काय रे?"

सभागृह गारेगार होते. दाराशी भागधारकांचे स्वागत करायला नेमका जावईच उभा. सासऱ्यांना बघून त्याचा चेहरा उतरला, पण मागे रांग होती, बोलणे झाले नाही. मामांची पाळी आली. माइकसमोर उभे राहिले आणि घोकलेले सगळे विसरले. दोन वाक्ये "अध्यक्ष महोदय" करण्यात गेली. मग घाम पुसत म्हणाले, "माझां म्हणणां इतक्याच, उद्या ह्यो कोळसो कोणाक नको झालो तर तुमी काय करतालात?" सभागृह हसले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "काका, आपल्याकडे अजून कितीतरी खेड्यांत दिवा लागलेला नाही. आधी तो लावू या. पुढचं पुढे बघू." टाळ्या पडल्या. मामा खाली बसले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तांय खराच आसा रे."

चहाच्या वेळी जावई जवळ आला. आवाज चढवला नाही, एवढेच म्हणाला, "बाबा, मला सांगून तरी यायचं होतं." आणि वळून गेला.

त्यानंतर मुलीचा फोन येणे कमी झाले. आला तरी मामींशीच बोलणे होई. मामांना आता पृथ्वीची काळजी करायला फुरसत उरली नाही. जावयाला कोणी बोलले असेल का, बढती अडली असेल का, नोकरीच गेली असेल आणि मुलगी लपवत असेल का, हेच चालू. फोन वाजला की ते उठत आणि मामींनी उचलला की पुन्हा बसत. याच काळात त्यांनी त्या कंपनीचे सगळे शेअर्स विकून टाकले. "विरोधात बोलाचा आणि तेंच्याच नफ्यार जेवाचा, ह्यां माका जमूचा नाय," म्हणाले आणि ते पैसे एका पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीत घातले. कोळसा त्यानंतरही चढतच राहिला. माडीवर त्यांना 'वाऱ्यावरचे मामा' असे नाव पडले.

पुढच्या वर्षी बाजार कोसळला. कोळसा पडला, आणि पवनचक्क्या त्याहूनही जोरात पडल्या. माडीवर खुर्च्या रिकाम्या झाल्या. उरलेल्यांपैकी कोणीतरी मामांची समजूत काढायला म्हणाले, "मामानू, तुमचां खरां झालां. कोळसो पडलो." मामा एकदम ताठ झाले. "तां माझ्यामुळे नाय, कोळशामुळेव नाय. सगळाच पडला. माझां खरां झालां असां कोणी म्हणूचा नाय." जिना उतरताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "माझां खरां होव नये म्हणान तर इचारलंय रे मी."

त्यानंतरच्या मे महिन्यात जावई देवबागला आला, न कळवता, मुलाबाळांसकट. नोकरी शाबूत होती. सभेनंतर साहेबाने फक्त एकदा विचारले होते, "तुझे सासरे काय करतात?" बस. मधली सगळी शांतता त्याच्या रागाची होती, आणि राग कधीच विरला होता. फोन उचलायचा संकोच तेवढा राहिला होता. मामींनी तिसऱ्यांदा सोलकढी वाढली तरी सासरे-जावई एकमेकांकडे बघेनात. मग दुपार कलल्यावर जावई उठला आणि म्हणाला, "बाबा, खाडीत गळ टाकायला येता?"

दोघे शेजाऱ्याची लहान होडी घेऊन गेले. मी माडाखाली बसून बघत होतो. दोन पाठमोऱ्या आकृती गळ टाकून बसल्या. मग जावई काहीतरी बोलला, आणि मामा हसले. मोठ्याने, मान मागे टाकून, होडी डुलेपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. होडी कलंडेल हेसुद्धा त्यांच्या लक्षात आले नाही.

तो काय बोलला ते मी विचारले नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर मामा गेले, आणि आता विचारावेसे वाटत नाही.