साधं का प्रीमियम?

रिटायर झाल्यावर माणसं प्लॉट घेतात, नाहीतर राहिलेलं गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घेतात. आमच्या यांनी स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड, लाल, दोन दारांची आणि दोनच सीटांची. मी माधवनगरच्या शाळेत गणित शिकवून घरी आले, तर ही बया दारात उभी आणि हे हातात हळदीकुंकवाची वाटी घेऊन तिच्याभोवती फिरतायत. यांची सगळी नोकरी फौजेत, तोफखान्यात गेली. चेहरा फुलला वगैरे प्रकार यांच्यात नाही. त्या दिवशी मात्र इतका फुलला होता की मला आमच्या लग्नातला यांचा चेहरा आठवून थोडा रागच आला.

"हिच्यात भाजीची पिशवी कुठं ठेवायची?" मी विचारलं.

"तुझ्या मांडीवर," हे म्हणाले. तेव्हापासून ती माझ्या मांडीवरच असते.

या गाडीचं खाणंपिणं वेगळं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआत स्टिकर आहे: जास्त ऑक्टेनचंच पेट्रोल घाला. ऑक्टेन म्हणजे काय, हे यांनी आमच्या गल्लीत सगळ्यांना थांबवून थांबवून सांगितलंय, दूधवाल्यालासुद्धा. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं. चांगलं पेट्रोल ठिणगी पडेपर्यंत धीर धरतं. साधं तेवढा दम काढत नाही, आधीच पेटतं, आणि मग इंजिन आतल्या आत ठोके खातं. एवढं सांगून झालं की माझ्याकडे बोट. "हिच्यासारखं. ठिणगी पडायच्या आधीच भडका." मी रागीट आहे, नाकारत नाही. पण आठवीच्या वर्गाला बीजगणित शिकवून कुणी थंड राहून दाखवावं. असो. सांगायचं एवढंच की गाडीत साधं पेट्रोल घालणं हे या माणसाच्या लेखी पाप होतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सांगलीहून साताऱ्याला गेलो. साताऱ्याच्या वर यवतेश्वरला जायचा यांचा नेम आहे. घाट लागला, गाडीने दोन वळणं घेतली आणि मला आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा, बारीक, टकटक टकटक. चढ वाढला की वाढायचा, सपाटी आली की थांबायचा.

"आवं, काय वाजतंय हे?"

"कुठं काय? लोण्यावानी चाललीया."

यांनी काच खाली केली, कान बाहेर काढल्यासारखा केला आणि निर्णय दिला, "काय न्हाई. तुझ्या डोक्यात वाजतंय."

यांचं ऑक्टेनपुराण मी इतक्या वेळा ऐकलंय की मला शंकेला जागाच नव्हती. "पेट्रोल कुठलं भरलंय?" "नेहमीचंच. प्रीमियम." माझं टाळकं सरकलं. इंजिन ठोके खातंय आणि हा माणूस तोंड वर करून खोटं सांगतोय! पण पेट्रोलवरून खोटं बोलायचं कारण काय? देवळात हात जोडताना माझ्या मनात महादेव नव्हता, पेट्रोल होतं. नवरा म्हातारपणी कंजूष झाला की काय, एवढंच मी देवाला विचारत होते.

परत येताना उंब्रजजवळ एका पंपावर थांबलो. मी गाडीतच बसले, काच खाली होती. हे उतरून टाकीपाशी उभे राहिले. पेट्रोल सोडायला एक बाई होती, धुळीसाठी तोंडाला ओढणी गच्च गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते.

"काका, साधं का प्रीमियम?" तिने विचारलं.

"व्हय," हे म्हणाले.

तिला वाटलं काका चेष्टा करतायत. "आवं काका, साधं टाकू का प्रीमियम?"

"व्हय व्हय. फुल्ल."

तिने खांदे उडवले, साध्या पेट्रोलचा पाइप टाकीत सरकवला आणि म्हणाली, "झिरो बघा." हे अगोदरच मीटरसमोर सावधानमध्ये उभे होते. झिरो बघितला. आकडे फिरू लागले तसे मोठ्या समाधानाने मान हलवत राहिले.

मी पिशवी मांडीवर धरून तशीच बसून राहिले. कंजूष नव्हते हे, खोटंही बोलत नव्हते. यांना तो प्रश्न ऐकूच आला नव्हता, मागच्या पंपावरही आला नसणार. तोंड दिसलं असतं तर ओठांवरून ओळखला असता. मग सगळं भराभरा समोर यायला लागलं. टीव्हीखाली पळणारी अक्षरं वाचणं. लग्नाकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरणं. आणि ते "व्हय". जेवणार का, व्हय. माझ्या बहिणीकडे जायचं का, व्हय. पडदे बदलू का, व्हय. वर्षभर मी शाळेतल्या बायकांना सांगत होते, रिटायर झाल्यावर आमचे हे किती मवाळ झालेत. मला माझीच कीव आली.

गाडी हायवेला लागली. मी यांच्याकडे तोंड करून, सावकाश विचारलं, "त्या बाईनं काय विचारलं तुमाला?"

यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "साधंच घाल म्हणून सांगितलं मी. साऱ्या दुनियेच्या गाड्या साध्यावर चालत्यात. हिला काय सोनं लागलंय?"

ऑक्टेनसाठी दूधवाल्याची कासंडी अडवणारा माणूस हे बोलत होता! बहिरा म्हटलेलं नको, इंजिन फुटलं तरी चालेल. माझा भडका उडाला. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण बोलायचं तोंड यांच्याकडेच होतं, त्यामुळे यांना सगळं समजलं. यांनी रस्त्याकडेच्या एका रसवंतीपाशी गाडी घेतली आणि बंद केली.

उतरले नाहीत. रसवंतीच्या चरकाकडे बघत म्हणाले, "ते घुंगरू वाजतंय का आत्ता?"

"वाजतंय की."

"मला नुसतं हलताना दिसतंय."

मग हे बोलत राहिले, समोर बघून. तोफांच्या आवाजानं झालं असंल. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी, मग दाराची बेल. जाडा आवाज येतो, बारीक येत न्हाई. "तुला सांगितलं असतं, तर तू पोरीला सांगणार. पोरगी म्हणणार, हॉर्न ऐकू येत न्हाई, गाडी विका. चावी काढून घेतली असती तुमी दोघींनी. मग मी काय करायचं? पारावर बसायचं?"

खोटं कशाला सांगू, चावीचा विचार माझ्या मनात पंपावरच येऊन गेला होता. मला गाडी चालवता येत असती तर मी त्या मिनिटाला काढूनही घेतली असती. पण यांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते, कुणी ओढून नेईल असे धरलेले, आणि मला रडू यायला लागलं. राग आला की मला बोलता येतं, रडू आलं की येत नाही.

तेवढ्यात यांनी विचारलं, "बारकी काय म्हणती गं फोनवर?"

बारकी म्हणजे आमची नात, बेंगलोरला लेकीकडे असते, पहिलीला आहे. दर रविवारी संध्याकाळी आजोबांना फोन करते. आवाज चिमणीएवढा. हे फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारतात, हसतात. मग फोन माझ्याकडे येतो आणि ती मला तेच सांगते. गेले काही महिने ती सांगत होती की आजोबा खोटारडे आहेत. मी म्हणायचे, आजोबांना असं म्हणू नये.

"तुमाला काहीच कळत न्हाई?"

"आवाज हाय एवढं कळतंय. तिचा हाय म्हणून हसतो मी. काय म्हणती?"

मी पदराने डोळे पुसले आणि पूर्ण यांच्याकडे वळले. "दर रविवारी एकच विचारती. आजोबा, लाल गाडीतनं मला न्यायला ह्या सुट्टीत येणार ना?"

"आणि मी काय म्हणतो?"

"व्हय म्हणता."

रसवाला दोन ग्लास घेऊन काचेपाशी आला, त्याला यांनी हातानेच नको म्हटलं. बारकी सुट्टीच्या आदल्या दिवशी बॅग भरून दाराशी बसते, हे मी यांना सांगितलं नाही. ते सांगायची गरज नव्हती.

शेवटी यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "मिरजेला कानाचं चांगलं कोण बघतं?"

मी सांगितलं. नेमका त्याच वेळी शेजारून उसाचा ट्रॅक्टर गेला.

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "परत सांग. मला ऐकू आलं न्हाई."