पाठमोरे बोलणे

माझ्या धाकट्या भावाचा मला हेवा वाटतो, हे वाक्य कागदावर उतरवायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. वयाची पासष्टी उलटल्यावर लिहायला बसलेल्या माणसाने आरंभ काही बऱ्या विषयाने करावा, असे मलाही वाटत होते.

आम्हा दोघांचेही ऐकणे पन्नाशीनंतर उतरत गेले. वडिलांचेही तसेच झाले होते. मी जळकोटच्या शाळेत इतिहास शिकवीत असे. भाऊ ईटजवळच्या आमच्या गावी मेंढरे राखतो, घराण्याचा तोच व्यवसाय. साध्या श्रवणयंत्रांचा उपयोग संपला, तेव्हा सोलापूरच्या एका रुग्णालयात आधी माझ्या आणि काही महिन्यांनी त्याच्या कानात शस्त्रक्रिया करून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आवाज थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवणारे यंत्र, बसवले गेले. त्याला तयार मीच केले. कागदपत्रे मी जमवली. डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती आणि कानामागचे यंत्र कसे सांभाळायचे, हेही मीच त्याला समजावले. त्यात आस्था होती तसा मोठेपणाही होता, हे आता कबूल करतो.

यंत्र सुरू झाले की लगेच बोलणे कळते असे नाही. आरंभी माणसाचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो आणि मेंदूला एकेक शब्द नव्याने ओळखावा लागतो. त्यासाठी रुग्णालयातल्या तपासणीच्या बाईंनी सराव सांगितला होता. मी वही केली. रोज सकाळी मोबाइलवर पाठ लावायचा, तोच पाठ पुस्तकात समोर उघडा ठेवायचा आणि शब्द कळला की खूण करायची. सगळेच कळत असे. खुणांची पानेच्या पाने भरली.

भावाने वही केली नाही. त्याचा सराव आठवडी बाजारात आणि येरमाळ्याला गाडी बदलताना झाला. शेजारी बसलेल्या कुणालाही तो म्हणे, "पाव्हणं, मला कमी ऐकू येतंय, जरा दमानं बोला," आणि गाडी लागेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारी. हे त्याने मला कौतुकाने सांगितले, तेव्हा मी ओशाळलो होतो. अनोळखी माणसासमोर ते वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.

यंत्राच्या तपासणीसाठी सोलापूरला जायचे असले की तो आदल्या दिवशी आमच्याकडे येतो. गेल्या खेपेस सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी आलो, तर तो भिंतीला टेकून चहा पीत होता आणि पत्नी ओट्याशी भाकरी थापत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. ती काहीतरी विचारत होती, तो उत्तर देत होता. ती पुन्हा काही बोलली, मागे न पाहता, आणि तिचे खांदे हसण्याने हलले. मला पाहताच ती थांबली. गॅस बारीक केला, पदराला पीठ पुसले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ओठ मोठे करून म्हणाली, "चहा घेता का?"

गेली बारा वर्षे ती माझ्याशी अशीच बोलत आली आहे, समोर येऊन, हातातले काम थांबवून. त्यामुळे काम थांबवण्याइतके महत्त्वाचे असेल तेवढेच माझ्या वाट्याला येते: चहा, गोळी, अंघोळीचे पाणी. भावाला मात्र ती भाकरी थापता थापता वाटेल ते सांगत होती. मला तो त्या क्षणी नकोसा झाला. चहा मी घेतला नाही.

सोलापूरला बाईंनी तोंडासमोर कागद धरून वाक्ये म्हटली. ती कुठल्याही पुस्तकातली नव्हती. भावाने बहुतेक सांगितली, एखादे नाही कळले तर तो सरळ "काय?" म्हणाला. माझी पाळी आली तेव्हा मी अंदाज बांधत राहिलो आणि बरीचशी चुकली. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून माझ्याशी बोलू पाहत होता. मी डोळे मिटून घेतले.

तो गावी गेल्यावर मी पत्नीला म्हणालो, की त्याच्या ऐकण्याचे फार खरे धरू नकोस, निम्मे तो अंदाजानेच बोलतो. हे खोटे होते, आणि मला ठाऊक होते.

ती नेहमीप्रमाणे समोर आली, पण ओठ मोठे केले नाहीत. तिला तिसऱ्यांदा सांगावे लागले, तेव्हा मला सगळे कळले.

"भावजींना न्हाय कळलं की 'काय?' म्हणून इचारतेत. तुम्ही नुसती मान हलवता. बहिणीकडं चार दिवस जाऊन येते म्हणलं, तुम्ही मान हलवली. अन् पिशवी भरली तर म्हणता, कुठं निघालीस. मग म्या कशाला बोलत बसू?"

तेव्हाही माझी मान हलू लागली होती.

दुसऱ्या दिवशी पाठ न लावता मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. ती भाकरी थापत होती. पुस्तक नव्हते, ओठ दिसत नव्हते. मी विचारले, काल बाजारात कोण कोण भेटले. ती हात पुसून वळू लागली.

"वळू नकोस. तसंच सांग."

"भाकरी करपंल, सांगते. उगी पुन्हा पुन्हा इचारीत बसाल."

"विचारीन."

ती तव्याकडे पाहत सांगू लागली. बाजारात शेजारीण भेटली होती आणि तिच्या घरी कुणी पाहुणे आले होते, एवढेच पहिल्यांदा हाती लागले. "काय?" असे मी माझ्याच स्वयंपाकघरात विचारले आणि माझे कान तापले. दुसऱ्यांदा पाहुणे मुलगी पाहायला आले होते, असे कळले. चौथ्या वेळी ती वैतागली. उलथने आपटले, तो आवाज मात्र स्वच्छ आला. भावावर ती अशी कधी वैतागली नव्हती, हे मला त्याही क्षणी खुपले. पाहुण्यांनी होकार दिला की नाही ते अजून कळायचे होते. मी पाचव्यांदा विचारले.