तिचीच मांजर जिवंत होती

ती तळ्याची केस आजही आठवते. बायको गेल्यापासून तर जास्तच. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन घरी आलो. जसं आठवते तसं लिहितो.

पोंभुर्ण्याकडच्या ठाण्यात होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावचा पोलीस पाटील धापा टाकत आला. गावातली मांजरं थरथरून मरत होती, बगळे झाडावरून पडत होते. एका विधवा म्हातारीची मांजर तेवढी धडधाकट, म्हणून करणी तिचीच असं गावानं ठरवलं होतं. दुपारी सभा, नंतर तिचं घर जाळणार.

आम्ही गेलो. तळ्याचं पाणी नितळ, पण काठावर एक बेडूक नाही, पाखरू नाही. मान वाकडी होऊन मेलेला एक बगळा तेवढा पडला होता. तेच पाणी गुरं मात्र निवांत पीत होती.

म्हातारीला विचारलं, "बाई, तुही मांजर काऊन वाचली?"

"आमचे गेले तवापासून मासोळी सोडली, साहेब. मीच खात नाई, तर तिले कुठून देऊ?"

सगळ्या जबाबात कामाचं तेवढंच होतं. पाणी पिणारे जिवंत होते, मासोळी खाणारे मेले होते. सभा बंद पाडली. म्हातारीला मांजरीसकट माझ्या क्वार्टरवर आणलं. बायकोनं तिला हसत विचारलं, एवढी गोड मरळ मासोळी सोडवते तरी कशी?

पंचनामा करून पाणी, गाळ, मासोळ्या सीलबंद पाठवल्या. अहवाल आला. बंदी आलेलं जुनं कीटकनाशक. पाण्यात नावापुरतं, बारीक मासोळीत थोडं, मरळीच्या चरबीत सगळ्यात जास्त. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी समजावलं, हे पाण्यात विरघळत नाही, गाळात बसते. गाळातले किडे ते खातात, किड्यांना बारीक मासोळी खाते, तिला मरळ. अंगातून निघत नाही, चरबीत साठते. खाणारा जितका मोठा, तितकं जास्त.

असा माल ठेवणारा गावात एकच, खत-औषधाचा दुकानदार. सभेत सगळ्यात मोठा आवाजही त्याचाच होता. न विचारता दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्याकडे मी आधी पाहतो. दोन तास तो काही कबूल करेना. मग तळलेल्या मरळीची प्लेट त्याच्यापुढे ठेवली.

"तुमच्याच तळ्यातली आहे भाऊ. खा."

त्यानं खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाला, "दोन वर्षांआधी तपासणी येणार म्हणून पोती तळ्यात बुडवली, साहेब. वाटलं, पाण्यात जिरून जाईल." मरळ बाजारातली होती. पोती दुसऱ्या दिवशी गाळातून काढली, म्हातारी घरी गेली.

गुन्हा कुठे झाला ते पाहून भागत नाही, तो कोणाच्या ताटापर्यंत पोचला तेही पाहावं, हे मी या केसमध्ये शिकलो. उशिरा शिकलो. केसच्या आधी दोन वर्षं त्याच तळ्यातली मरळ दर आठवड्याला आमच्या घरी यायची. बायको मधले तुकडे मला वाढायची, पोटाकडची चरबी स्वतः घ्यायची.

शेवटी तिचे हात थरथरायचे. कशानं, ते डॉक्टरला सांगता आलं नाही. मी मासोळी सोडली आहे.