घसरगाडीमागचा माणूस

बर्फात बसून चित्रं काढणाऱ्या बाईला किर्गिझस्तानातल्या जिर्गालानच्या खोऱ्यात सरळ वेडी म्हणत, आणि अशा वेड्या तिथे दोन होत्या. शाळेत चित्रकला शिकवणारी झूराकान आणि त्याच शाळेत गणित शिकवणारी, तिच्याहून धाकटी कलिचा. उन्हं डोंगरावर यायच्या आत दोघी नदीकाठी ठाण मांडून बसायच्या. कलिचा रंगाच्या पाण्यात व्होडका ओतायची, म्हणजे ते गोठत नसे, उरलेली घशाखाली. झूराकान साधंच पाणी घ्यायची. तिचा रंग कागदावरच गोठायचा आणि आभाळभर हिमाची नक्षी उमटायची.

"एजे, तुझ्या आभाळाला शेवाळ आलंय बघ," कलिचा चिडवायची. एजे म्हणजे थोरली ताई.

"असू दे. तुझं तर झिंगलंय."

नवऱ्याच्या शेवटच्या हिवाळ्यात झूराकानने त्याचं चित्र काढलं. गवताने भरलेली घसरगाडी आणि मागे चालणारा जुमाकादिर, डावा खांदा जरा पडलेला. या माणसाला फोटोचा भारी तिटकारा. त्या दिवशी मात्र "काढायचंय तर आटप, घोडा गारठतोय," असं कुरकुरत उभा राहिला. चित्र वाळायला तिने कलिचाच्या चुलीपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी कलिचा रडतच दारात आली. "एजे, वासराने चघळलं गं! थंडी म्हणून घरात घेतलं होतं मेल्याला. तुकडे चुलीत टाकले मी."

झूराकाननेच तिची समजूत काढली. बर्फ वितळायच्या आत जुमाकादिर गेला. मग ती त्याला आठवून काढू लागली. टोपी जमायची, घोडा जमायचा, खांदा काही केल्या जमायचा नाही. ती कागद फाडायची आणि कलिचाकडे जाऊन रडायची. कलिचा चहा करून द्यायची.

दोन हिवाळे गेले. तिसऱ्यात कलिचाच्या चित्राला काराकोलच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. झूराकानला कोण आनंद! पहाटे उठून बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले आणि गाठोडं घेऊन ती पहिल्या बसने निघाली.

भिंतीवरचं आभाळ हिमाच्या नक्षीने भरलेलं होतं. खाली गवताची गाडी, मागे तो पडलेला खांदा, आणि कोपऱ्यात कलिचाची सही.

"हा कोण गं?" कुणीतरी विचारलं.

"कुणी नाही हो," कलिचा पाठमोरीच म्हणाली. "मोकळं मोकळं वाटत होतं, म्हणून टाकला एक माणूस."

नवी सून असो की नवं घर, पहिल्यांदा बघणाऱ्याने हातावर काहीतरी ठेवायचं, त्याला कोरुमदुक म्हणतात. बायकांनी झूराकानला कोपराने ढोसलं. "मैत्रिणीचं चित्र बघितलंस ना? काढ की कोरुमदुक!"

झूराकानने स्वतःचाच तळहात पुढे केला. "मला द्या. बघताय तो माझा नवरा आहे."

कलिचा वळली. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिने टेबलावरच्या मूठभर खाऊच्या गोळ्या उचलून त्या हातावर ठेवल्या. "आमच्या एजेची थट्टा अशीच असते! हिच्याकडूनच तर शिकले मी." सगळे हसले. मग ती कानाशी वाकली. "एवढं सांभाळून घे गं. प्रदर्शन संपलं की तुलाच आणून देते."

झूराकानने आवाज खाली आणला नाही.

"चित्र तुझं म्हण, बक्षीस तुझं म्हण. पण मी त्याचा खांदा विसरत चालले होते, कलिचा. तुझ्या घरी येऊन रडत होते. आणि तो तिथेच होता."