आमचा भित्रा पैलवान

आज सकाळी आमचा पैलवान गेला.

नावाचाच पैलवान. एवढा भित्रा कुत्रा अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात दुसरा नसेल.

कुत्र्यासाठी कसली पोस्ट, असं ज्यांना वाटतंय त्यांनी खुशाल स्क्रोल करून पुढे जावं. आज मला कुणाशी वाद घालायचा नाही.

आमच्या रानात ऊस तोडायला पाथर्डीकडची टोळी यायची. ओढ्याच्या कडेला कोप्या घालून हंगामभर राहायची. एका वर्षी हंगाम संपला आणि टोळी ट्रॅक्टरवर संसार लादून गावाकडे गेली.

काही दिवसांनी हे तिकडे तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी द्यायला गेले, आणि मला फोन आला.

"दूध असंल तर घेऊन ये. आन् कात्री आण."

बाभळीला एक कुत्रा बांधलेला होता.

सुटायच्या धडपडीत दोरी मानेत रुतलेली. नुसता हाडांचा सापळा. भुकेने शेजारचं गोणपाट कुरतडून टाकलेलं.

आम्हाला बघून तो भुंकलाही नाही. अंग चोरून जमिनीला चिकटला.

त्या टोळीला मी तिथंच उभ्या उभ्या शिव्या घातल्या. ज्या बायकांना हंगामभर घरचं ताक दिलं, त्यांनाच.

जनावरांच्या डॉक्टरांनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं. "जगेल असं वाटत नाही, पण बघू," म्हणाले.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांचा फतवा निघाला, "बरा झाला की सोडून द्यायचा. मला दारात कुत्रं नको."

आणि मग स्वतःच दुधात भाकरी कुस्करायला बसल्या.

जखम भरली, पण भीती काही जाईना.

जे जे दोरीसारखं लांबलचक दिसेल त्याला घाबरायचा. ठिबकची नळी, म्हशीचा कासरा, वाळत घातलेलं आत्यांचं लुगडं, माझी ओढणी. काही हललं की हा अंगणातल्या ट्रॉलीखाली. आमच्यादेखत भाकरीला तोंड लावायचा नाही.

मी ट्रॉलीपाशी वाकून "ये ये" करत बसायचे. एक दिवस आत्या करवादल्या.

"अगं, त्याच्याकडं टक लावून बघू नको. पाठ करून बस आन् तुझं काम कर."

मग मी ट्रॉलीकडे पाठ करून लसूण सोलत बसायला लागले. रोज. जाम वैतागायचे, पण बसायचे.

उन्हाळा संपला, पोळा झाला, आणि एका दुपारी माझ्या कमरेला कसलीतरी ऊब लागली.

मी वळून बघितलं नाही. लसूण संपला तरी तशीच बसून राहिले. घळाघळा रडले, सांगायला लाज कसली.

भावकीतल्या सगळ्यांनी सांगितलं, बांधायची सवय लावा, नाहीतर राखण काय करणार तो. आम्ही नाही बांधला. साधा पट्टासुद्धा घातला नाही.

दिवाळीनंतर टोळी परत आली. मी एकेकाला फैलावर घ्यायच्या तयारीतच होते, तेवढ्यात टोळीतल्या कमलताई पळत आमच्या अंगणात आल्या.

"वहिनी, पैलवान तुमच्याकडं हाय म्हनं?"

तोवर आम्ही त्याला नुसतं "बाळा" म्हणायचो. त्याला नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अनोळखी माणूस दिसलं की दडून बसणारा हा, त्यांच्या आवाजाने ट्रॉलीखालून बाहेर आला. सरपटत गेला आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं.

मला असा राग आला! माझ्या सगळ्या लसणाची माती झाली.

"कसं टाकून गेलात हो ह्याला?" मी ओरडलेच.

कमलताईंचा हात त्याच्या मानेवरच्या वणावर थांबला.

"सामान भरताना चाकाखाली येऊ नये म्हून म्याच बांधला व्हता, वहिनी. दोन ट्रॅक्टर व्हते. मी म्होरच्यात, आमचे हे मागच्यात. मला वाटलं त्यांनी घेतला, त्यांना वाटलं म्या घेतला. गावात उतरल्यावर कळलं. मुकादमाला लई इनवलं, माघारी सोडा म्हून. कुनी आईकलं न्हाई. फोन करावा तर तुमचा नंबर न्हवता."

आता राग कुणावर काढावा तेच कळेना.

तो हंगामभर पैलवान त्यांच्या कोपीपाशीच झोपला. हंगाम संपत आला तशी माझी झोप उडाली. कुत्रा त्यांचा, त्या नेणार. मी अडवणारी कोण?

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर भरायला लागले आणि पैलवान थरथर कापत आमच्या घरात शिरला. पहिल्यांदाच. थेट देवघरापर्यंत.

आत्यांनी हाकललं नाही.

कमलताई दारात आल्या. त्यांनी हाक मारली असती तर तो गेलाही असता. त्यांनी मारली नाही.

"ऱ्हाऊ द्या, वहिनी. त्याला पुन्यांदा ट्रॅक्टरपाशी न्यायचं माझ्याच्यानं हुयाचं न्हाई."

पदर तोंडाला लावून गेल्या.

पुढे दरवर्षी त्या आल्या की तो त्यांचा, एरवी आमचा. असं ठरलं नव्हतं, पण तसंच चाललं.

यंदा त्याच्या किडन्या गेल्या. काल डॉक्टर म्हणाले, "सलाईन लावतो, पण बांधावं लागेल. नाहीतर सुई उपसून टाकेल."

ह्यांनी त्याला मांडीवर घेतला आणि दुपारभर पाय न हलवता बसून राहिले.

आज सकाळी ह्यांच्या मांडीवरच गेला. आत्यांनी चमच्याने तोंडात पाणी घातलं, माणसाच्या घालतात तसं.

मग मी कमलताईंना फोन लावला. यंदा त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेलीय.

बराच वेळ त्या नुसत्या रडत होत्या. मग हळूच म्हणाल्या,

"वहिनी, एक इचारू? शेवटाला बांधला न्हवता ना?"

"नाही, कमलताई. मोकळा होता."

पैलवाना, तुला आमच्या घराची आणि तुझ्या कमलताईंची भरल्या डोळ्यांनी श्रद्धांजली.