न शिजवलेल्या जॅमच्या चाळीस बरण्या

ज्या घरात लोक एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवतात, तिथे सांगण्यासारखं फारसं काही घडत नसावं. आमच्या पडवीत मात्र दर दोन दिवसांनी एक तरी किस्सा तयार होतो आणि मी आतल्या खोलीत दहावीचं पुस्तक उघडून तो ऐकत बसते. मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. दार अर्धवट उघडं ठेवायला जमतं.

पडवीत आइस्क्रीमचा मोठा आडवा फ्रीजर आहे. बाबांनी दुकान बंद केलं, तेव्हा फ्रीजर तेवढा घरी आला. बाबा तो विकायला निघाले होते. आई म्हणाली, "एक सीझन द्या. मला ऑर्डर मिळाली तर ठेवायचा, न्हाई मिळाली तर विका." आणि तिने कराडच्या आमच्या गल्लीत स्ट्रॉबेरी जॅम सुरू केला. बायका चार: आई, समोरच्या वंदनाकाकू, शेजारच्या इंदूमावशी आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मानसीवहिनी. पाचवे वंदनाकाकूंचे मिस्टर, सुभेदारकाका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण फौजेतून घरी आल्यापासून त्यांना लक्ष ठेवायला काहीतरी लागतंच.

*

रेसिपी मानसीवहिनींनी फोनवर शोधली. स्ट्रॉबेरी कुस्करायची, साखर घालायची, लिंबू पिळायचं, जॅम घट्ट करणारी पेक्टिनची पावडर पाण्यात उकळून त्यात ओतायची, ढवळायचं, बरण्या भरायच्या. एक दिवस बाहेर ठेवायचं आणि मग फ्रीजरमध्ये.

"आणि शिजवायचं कवा?" इंदूमावशींनी विचारलं.

"शिजवायचंच नाही. हाच तर फ्रीजर जॅम. रंग आणि वास ताज्या फळाचा राहतो."

इंदूमावशींनी पातेल्यात चमचा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "शिजवलं न्हाई म्हंजे ह्यो जॅम न्हवं. ही गोड कोशिंबीर झाली."

वंदनाकाकूंनी आपल्या वाट्याची बरणी घरी नेली आणि गुपचूप पाऊण तास शिजवली. दुसऱ्या दिवशी अभिमानाने घेऊन आल्या. जॅम तपकिरी झाला होता आणि चमचा त्यात सरळ उभा राहत होता.

सुभेदारकाकांनी चमचा उपटायचा प्रयत्न केला. "वाया न्हाई जाणार," ते म्हणाले. "पालीश कराय माझे फौजेतले बूट अजून हायत."

*

पेक्टिन कराडात त्या आठवड्यात मिळेना. इंदूमावशी लेकीला भेटायला सांगलीला गेल्या होत्या. तिथल्या केकच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी पाव किलो आणलं. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत पांढरट पावडर, वर चिठ्ठी नाही, काही नाही.

सुभेदारकाकांनी पिशवी उजेडात धरली. "हे काय हाय?"

"पेक्टिन."

"कुणी सांगितलं?"

"दुकानदारानं."

"त्याला कुणी सांगितलं?"

एवढा लांबचा विचार इंदूमावशींनी केला नव्हता. काकांनी चमचाभर पावडर ग्लासातल्या पाण्यात टाकली. तिच्या लगेच गाठी झाल्या. काकांनी ग्लास उलटा केला, तर एक गाठ तळाला तशीच चिकटून राहिली.

"पोटात बी अशीच चिकटणार," काका म्हणाले.

तरी त्या दिवशीच्या जॅमची चव सगळ्यात आधी त्यांनीच घेतली. चार वेळा घेतली. म्हणाले, खात्री करावी लागते.

*

स्ट्रॉबेरी वाईकडून येते. ट्रेमध्ये वरच्या थराला टपोरी फळं आणि खाली बारीक, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बारीक फळ जॅमला चालतं. पण भाव टपोऱ्याचा सांगतात, म्हणून इंदूमावशी आधी पूर्ण ट्रे आपल्या पदरात उलटा करतात. मग खालच्या थराचा वास घेतात. मग विकणाऱ्याकडे बघतात. ते बघणं सगळ्यात वाईट.

एकदा विकणारा हात जोडून म्हणाला, "मावशी, खरं सांगा, तुमी पोलिसात हुता का?"

"न्हाई बाबा," मावशी म्हणाल्या. "वीस वर्सं सासूबरोबर एका घरात हुते."

*

लाइट गेली आणि कुणाला कळलं नाही, तर जॅम वितळून पुन्हा गोठणार. म्हणून सुभेदारकाकांनी युक्ती सांगितली: वाटीभर पाण्याचा बर्फ करायचा, त्यावर रुपया ठेवायचा. रुपया वर दिसला तर ठीक. आत बुडाला, तर मधे बर्फ वितळला होता असं समजायचं.

दुसऱ्याच दिवशी रुपया वाटीच्या तळाला होता.

आईचा चेहरा उतरला. बारा बरण्या बाहेर काढल्या. प्रत्येकीवर काकांनी बोट दाबून पाहिलं. मानसीवहिनींनी विजेच्या ऑफिसला फोन करून लाइट किती वेळ गेली होती ते विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, गेलीच नव्हती. काका म्हणाले, तो तसंच सांगणार.

तासाभराने वंदनाकाकूंनी हळूच विचारलं, "आवं, पन रुपया आधी टाकायचा आनि मग पानी ओतायचं, असंच न्हवं का?"

*

ऑर्डर मिळाली ती हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याकडून. नाश्त्याला ब्रेडबरोबर घरचा जॅम ठेवायचा त्याचा विचार होता. तो स्वतः आला आणि बरणी हातात घेऊन फिरवत बसला.

"ह्यात प्रिझर्व्हेटिव्ह हाय?"

"न्हाई," आई म्हणाली.

"मग टिकणार कसं?"

"फ्रीजरमधे वर्षभर टिकतंय."

"टिकतंय म्हंजे प्रिझर्व्हेटिव्ह हाय."

आईने तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा तो याच वळणावर येऊन थांबला. शेवटी चमचा पुढे करून म्हणाला, "आधी तुमी खावा."

आईने एक चमचा खाल्ला. तो घड्याळाकडे बघत बसला. आईने दुसरा खाल्ला. त्याने पाय हलवायला सुरुवात केली. आईने तिसऱ्यांदा चमचा बुडवला, तेव्हा तो उठलाच. "पुरं, पुरं. बरणी इकडं द्या."

जाताना म्हणाला, "येत्या ऐतवारी चाळीस न्यायला येतो. चाळीस म्हंजे चाळीस. एक कमी भरली तर ऑर्डर बंद. मला हिशेब चुकणारी माणसं नको वाटत्यात."

त्या संध्याकाळी बाबा फ्रीजर पुसत होते. विकायचं काही बोलले नाहीत, पण ठेवायचंही बोलले नाहीत.

*

गुरुवारी चाळीस बरण्या पूर्ण झाल्या. झाकणांवर मार्करने नंबर घालायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि ते काम करताना बोलावं लागत नाही. शुक्रवारी सकाळी सुभेदारकाकांनी मोजणी केली. अडतीस. पुन्हा मोजल्या. अडतीस. सतरा आणि एकतीस नंबर नव्हते.

मग वंदनाकाकू म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेत न्हाई. पन किल्ली कुणाकडं असती?"

किल्ली आईकडे असते.

"आनि पोरगी बी दिवसभर घरातच असती," इंदूमावशी म्हणाल्या. "अब्यासाला."

मी दाराआड होते. मी जॅमला हात लावला नव्हता, पण बाहेर येऊन एवढं वाक्य बोलणं मला जमलं नाही. आईने कमरेची किल्ली काढली आणि फ्रीजरच्या काचेवर ठेवली. "ही घ्या. आता कुणाकडंच न्हाई. फ्रीजर उघडाच ऱ्हाईल. ज्याला राखण करायची त्यानं करावी."

सगळे गेल्यावर आईने माझ्यासाठी ठेवलेली वाटीभर स्ट्रॉबेरी काढली. दुपारी, कडी लावून, तिने ती कुस्करली. तळाला राहिलेलं पेक्टिन खरवडून घातलं. एकच बरणी भरली.

"एक तरी भरू दे," ती म्हणाली. "एकासाठी हाता-पाया पडता येतंय, दोनासाठी न्हाई. ऋतू, नंबर घाल. आनि कुणाला बोलायचं न्हाई."

मी झाकणावर सतरा लिहिलं.

शनिवारी मी दिवसभर भूगोल वाचला. सकाळी वंदनाकाकू आल्या. "ह्यांच्या गुडघ्याला बर्फ पायजे." फ्रीजरची काच सरकल्याचा आवाज आला. जाताना त्यांनी बर्फ नेला नाही. दुपारी मानसीवहिनी तापमान बघायला आल्या. ओढणीखाली हात होते. पुन्हा काच सरकली. चार वाजता इंदूमावशी मटार ठेवायला आल्या आणि मटार घेऊनच परत गेल्या. साडेचारला आईने आपली बरणी आत ठेवली. दारातून मला फक्त पाठी दिसत होत्या.

रविवारी हॉटेलवाला टेम्पो घेऊन आला. सगळे जमले. आई भिंतीला टेकून उभी होती आणि बाबा तिच्या शेजारी. सुभेदारकाका एकेक बरणी उचलून मोठ्याने मोजत होते. अडतीसला त्यांचा आवाज थोडा थांबला. एकोणचाळीस. चाळीस. आईने श्वास सोडला.

"एकेचाळीस," काका म्हणाले. "बेचाळीस."

काकांनी बरण्या पुन्हा मोजल्या. बेचाळीसच.

"कमी भरलं की चोर एक असतोय," ते सावकाश म्हणाले. "जास्त भरलं म्हंजे सगळ्यांवरच लक्ष ठेवाय पायजे."

मग त्यांनी झाकणं वाचली. दोन सतरा होते आणि दोन एकतीस.

"ऋतू, भाईर ये," काकांनी हाक मारली. मी आले. त्यांनी चारही बरण्या माझ्यापुढे मांडल्या. "बग. अक्षर तुजं हाय का?"

मी पाहिलं. एक सतरा शुक्रवारचा होता, आईचा. दुसरा सतरा गुरुवारचा, हरवलेलाच होता, तोही माझ्याच हातचा. दोन्ही एकतीस माझे नव्हते. एकातला तीन कुणीतरी फार जपून, माझ्यासारखा काढला होता. दुसऱ्यातला घाईत काढला होता.

चौघी माझ्याकडे बघत होत्या. आईसुद्धा.

"माझंच आहे," मी म्हणाले.

"कंचं?"

"सगळं."

काकांनी चारही झाकणं पुन्हा एकदा वाचली. हॉटेलवाला कंटाळला होता. त्याने चाळीस बरण्या टेम्पोत चढवल्या आणि म्हणाला, "फुडच्या ऐतवारी आनिक चाळीस लागतील." बाबांनी फ्रीजरवरची किल्ली उचलली आणि आईच्या हातात दिली.

हॉटेलवाला टेम्पोत बसता बसता वळला. फ्रीजरच्या काचेवर एक सतरा आणि एक एकतीस शिल्लक होते.

"आनि ह्या वरच्या दोन कुणाच्या?"

"माझी न्हाई," चौघी एकदम म्हणाल्या.